चौथ्यांदा वाजवलेलं

कुडाळात माझं फ्लेक्स छपाईचं दुकान आहे. त्रिपुरी पौर्णिमा जवळ आली की जत्रांचे बॅनर यायला लागतात, आणि मग बरेच महिने थांबत नाहीत. गेल्या हंगामात वेंगुर्ल्याकडच्या एका गावची मंडळी मजकूर घेऊन आली. वहीच्या फाडलेल्या पानावर देवीचं नाव, तिथी, ओटी भरण्याची वेळ, रात्री पालखी आणि त्यानंतर दशावतारी नाटक. नाटकाच्या नावाआधी लिहिलं होतं, 'ट्रिकसीनयुक्त', म्हणजे रंगमंचावर चमत्कार दाखवणारं. त्यांच्यातले वयस्कर होते ते म्हणाले, "गो बाय, ह्या ट्रिकसीन ठळक घाल. माणसांची नावां बारीक झाली तरी चलात."

मी तसंच केलं. लाल अक्षर, पिवळी कड, मागे धूर आणि वीज. कलाकारांची नावं खाली सरकली. पखवाजवादकाचं नाव अगदी तळाला गेलं, जिथे बॅनर बांबूला बांधताना दुमडला जातो. मंडळी बॅनर घेऊन गेली आणि मी बराच वेळ स्क्रीनकडे बघत बसले. दशावताराला लिहिलेली संहिता नसते. राजा झालेला नट उभा राहतो आणि तिथल्या तिथे बोलतो. त्याच्या पावलावर नजर ठेवून त्याला उचलून धरणारा माणूस म्हणजे पखवाजवाला. तो दुमडीत गेला, आणि हे मी माझ्या हातानं केलं.

मला ते इतकं लागलं, त्याचं कारण माझं दुसरं वेड.

दुकान बंद करून घरी आले, जेवणखाण आटपलं की मी पडवीतल्या टेबलावर लॅपटॉप उघडते आणि कानाला हेडफोन लावते. मी ऐकते ते संगीत यंत्रांचं आहे. टेक्नो, हाउस, अ‍ॅसिड असे त्याचे प्रकार. जमेल तसं बनवतेही. आमच्याकडे इलेक्ट्रॉनिक म्युझिक म्हटलं की लोकांना वरातीतला डीजे आठवतो, नाहीतर गोव्याच्या किनाऱ्यावरचे मोठे महोत्सव. दोन्ही त्याच झाडाच्या फांद्या आहेत. मला ओढ आहे ती मुळाची. जगभर त्याला अंडरग्राउंड म्हणतात. मराठीत भूमिगत म्हटलं की बेचाळीसची चळवळ डोळ्यांपुढे येते, पत्रकं आणि पोलीस येतात. इथे अर्थ साधा आहे: थोड्या माणसांनी, त्यांच्याच जागेत, जाहिरातीवाचून चालवलेलं संगीत.

पहिल्यांदा कानावर पडलं तेव्हा मला ते आवडलं नव्हतं, हे आधी सांगायला हवं. पुण्याला शिकत होते. हॉस्टेलमधल्या एका मैत्रिणीच्या हार्ड डिस्कवर शिकागोच्या फ्यूचर या तिघांच्या चमूचं 'अ‍ॅसिड ट्रॅक्स' होतं, १९८७ सालचं. लांबी अकरा मिनिटांच्या वर. गायक नाही, कडवं नाही, धून म्हणावी तर ती पुढे सरकत नाही. तेच मोजके स्वर गोल गोल फिरत राहतात आणि त्यांचा पोत मात्र क्षणाक्षणाला बदलतो. कधी तोंडात पाणी धरून कुणी बोलावं तसा, कधी पत्र्यावर नख ओढावं तसा. दुसऱ्या मिनिटाला मी बंद केलं.

त्या आवाजामागची पेटी मात्र डोक्यातून गेली नाही. रोलँड या जपानी कंपनीनं १९८१ साली टीबी-३०३ नावाचं चंदेरी, पुस्तकाएवढं यंत्र काढलं. एकट्यानं गिटारचा सराव करणाऱ्याला साथीला बेस गिटार मिळावी, एवढाच हेतू. तिचा आवाज बेस गिटारसारखा मुळीच नव्हता आणि तिच्यात स्वर भरणं म्हणजे डोकेफोड. खपली नाही. १९८४ पर्यंत उत्पादन थांबलं आणि ती यंत्रं जुन्या सामानात मातीमोल भावानं पडून राहिली. म्हणूनच ती खिशात फारसे पैसे नसलेल्या पोरांच्या हाती लागली. फ्यूचरच्या पोरांनी पेटीत जी काही स्वरांची माळ होती ती फिरत ठेवली आणि वरची बटणं पिळायला सुरुवात केली. आवाजाचा वरचा भाग किती आत येऊ द्यायचा ते एका बटणानं ठरतं. दुसऱ्यानं नेमका त्या उंबरठ्यावरचा आवाज टोकदार होतो. स्वर तेच, दार फक्त उघडतंय आणि मिटतंय. यंत्र बनवणाऱ्यांनी याचा विचारही केला नसेल.

त्यांनी टेप नेऊन दिली रॉन हार्डीला. म्युझिक बॉक्स नावाच्या क्लबचा तो डीजे. पुढची हकीकत त्या तिघांपैकी एक, डीजे पिअर, सांगत आला आहे. हार्डीनं टेप पहिल्यांदा लावली तेव्हा नाचणारे बाजूला झाले, जागा रिकामी पडली. थोड्या वेळानं त्यानं तीच परत लावली. मग आणखी एकदा. त्याच रात्री, चौथ्यांदा लावली तेव्हा तीच माणसं बेभान होऊन नाचली.

माणसं बदलली नव्हती, टेपही बदलली नव्हती. मधे फक्त रात्र गेली होती.

मी हे वाचलं आणि ती फाइल परत उघडली. त्या आठवड्यात किती वेळा ऐकली ते आठवत नाही, पण कधीतरी त्या आवाजाचं दार माझ्यासाठी उघडलं. आज स्पॉटिफायवर गाणं ३० सेकंद ऐकलं गेलं की ते एकदा वाजलं असं धरतात. त्याच्या आत कुणी पुढे गेलं तर ते वाजलंच नाही. मग गाणी बनवणारे काय करतात, तर पहिल्या काही सेकंदांतच सगळं ओतून ठेवतात. त्यांना मी दोष देत नाही, त्यांची चूल त्यावर आहे. पण अशा जगात हार्डीची ती टेप पहिल्याच वेळी बाद झाली असती.

रात्र म्हणजे काय, हे मला कॉलेजात जाण्याच्या फार आधी कळलं होतं. आमच्या आजोळच्या गावी जत्रेला. आईबरोबर देवीची ओटी भरायची, खाजं घ्यायचं, आल्याचा वास कागदातून हाताला लागायचा. मग देवळासमोरच्या मांडवात बायकांच्या बाजूला गोधडी अंथरून जागा धरायची. पालखी देवळाभोवती फिरून आत जायला रात्रीचे अकरा वाजायचे. तोवर नट कडेला पेटाऱ्यांपाशी बसून स्वतःचं तोंड स्वतः रंगवत असायचे. मी तिकडे न बघता पखवाजवाल्याकडे बघायचे, कारण त्याच्याकडे एक विलक्षण गोष्ट होती. तो एका वाटीत गव्हाची कणीक भिजवायचा. पुरीच्या कणकेपेक्षा जरा सैल. मग तिचा गोळा पखवाजाच्या डाव्या तोंडावर थापायचा, अंगठ्यानं कडेकडेनं पसरवायचा, वाजवून बघायचा. कणीक कमी असली तर थाप कोरडी पडते. जास्त झाली तर आवाज बसून जातो. चिमूटभर काढ, चिमूटभर लाव, पाण्याचं बोट फिरव. मग एका क्षणी ती थाप लागायची आणि माझ्या बरगड्यांच्या आत काहीतरी हलायचं. तोपर्यंत मला आवाज कानानं ऐकतात एवढंच माहीत होतं.

आधी आडदशावतार, म्हणजे मुख्य नाटकाआधीचा ठरलेला भाग. गणपती येतो, रिद्धी-सिद्धी येतात, सरस्वती, भटजी, मग काळा मुखवटा घातलेला संकासुर मालवणीत लोकांची फिरकी घेतो. हे सगळं दरवर्षी तेच आणि त्याच क्रमानं, आणि कुणालाही ते लवकर संपावं असं वाटत नसे. मग आख्यान. मला झोप लागायची. जाग यायची तेव्हा रंगमंचावर युद्ध चाललेलं असायचं, परत झोप, परत जाग, आता कुणीतरी विलाप करतंय. पेटी, झांज आणि पखवाज माझ्या झोपेच्या आतून चालू असायचे. पहाटे, आकाश करडं होताना, शेवटची लढाई व्हायची आणि त्या वेळच्या पखवाजाला रात्री अकराच्या पखवाजाची सर नव्हती, असं मी म्हणणार होते. खरं म्हणजे उलट. अकराच्या पखवाजाला पहाटेच्या पखवाजाची सर नसायची. हात तोच, कणीक तीच. ऐकणारे सहा तास जागून मऊ झालेले असायचे.

आणखी एक गोष्ट होती, जी मला फार उशिरा उमगली. वर्षात ती एकच रात्र अशी होती की बाईमाणसानं उजाडेपर्यंत घराबाहेर राहिलेलं कुणाला खटकत नव्हतं. आई, मावश्या, शेजारच्या काकू चपला उशाला घेऊन मांडवात पडून असायच्या, हसायच्या, मोठ्यानं बोलायच्या. त्या मावश्यांना मी घरी कधी तशा पाहिल्या नाहीत.

म्हणून शिकागोच्या वेअरहाउस या क्लबबद्दल वाचलं तेव्हा ते मला परकं वाटलं नाही. १९७७ साली तो सुरू झाला. फ्रँकी नकल्स तिथे रेकॉर्ड वाजवायचा. येणारे बहुतेक कृष्णवर्णीय आणि लॅटिनो, त्यांतले कितीतरी समलिंगी. ज्यांना दिवसाच्या शहरात जागा नव्हती त्यांनी रात्रीची एक जागा केली होती. बाहेर त्याच शहरात १२ जुलै १९७९ रोजी बेसबॉलच्या मैदानावर हजारो लोकांसमोर डिस्कोच्या रेकॉर्डची पेटी स्फोटानं उडवून दिली गेली. कालपर्यंत घरोघरी वाजणारं संगीत आज लोकांना नकोसं झालं होतं. रेडिओनं डिस्को सोडली. वेअरहाउसनं सोडली नाही. तिथे नकल्स त्या रेकॉर्ड कापून, जोडून, लांबवून वाजवत राहिला, आणि तिथून जे निघालं त्याला लोक हाउस म्हणू लागले. ते नाव त्या क्लबच्या नावातूनच आलं असं सर्वसाधारणपणे मानलं जातं. २००४ साली शिकागो शहरानं त्याच भागातल्या रस्त्याच्या एका तुकड्याला नकल्सचं नाव दिलं. रस्त्याला नाव मिळाल्याचा मला मनापासून आनंद होतो. या संगीताला माणसांनी ओळखूच नये असं मला कधीच वाटलं नाही.

ओळख मिळाली नाही तर काय होतं, त्याचं उदाहरण आपल्या मुंबईतच आहे आणि ते मला रडू आणतं. चरणजित सिंग हे हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदांत वाजवणारे वादक. १९८२ साली त्यांनी रोलँडची तीन यंत्रं एकमेकांना जोडली: ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर, टीआर-८०८ हे तालयंत्र आणि तीच ती न खपलेली टीबी-३०३. त्यावर त्यांनी भैरव, तोडी, यमन, मालकंस असे दहा राग बसवले. रेकॉर्डचं नाव 'सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट'. टीबी-३०३ मध्ये एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय आहे. ते ऐकल्यावर आपल्या माणसाला मींड आठवणारच. बटण पिळण्याची ती तऱ्हाही त्यात आहे, आणि हे सगळं 'अ‍ॅसिड ट्रॅक्स' बाजारात येण्याच्या पाच वर्षं आधी.

रेकॉर्ड चालली नाही. कुणी चौथ्यांदा लावली नाही. २०१० मध्ये एका डच संग्राहकानं ती शोधून पुन्हा प्रसिद्ध केली तेव्हा जग थक्क झालं. उतारवयात चरणजित सिंगांना युरोपात जाऊन ती वाजवायला मिळाली. २०१५ साली मुंबईत ते गेले. मधली अठ्ठावीस वर्षं मला बोचतात. शिकागोच्या त्या टेपपाशी आणि या रेकॉर्डपाशी यंत्र एकच होतं. कल्पनेचं बळ इथे कमी नव्हतं, रागांचं भांडार तर आपलंच. तिकडे जे होतं आणि इथे नव्हतं, ते एक खोली भरून माणसं आणि पहाटेपर्यंत वाजवत राहणारा एक हट्टी डीजे. मुंबईत तेव्हा लग्नाचे हॉल होते, हॉटेलं होती, सिनेमे होते. अशी खोली नव्हती.

आमच्या सीमेपलीकडे, पत्रादेवीचा नाका ओलांडला की तास-सव्वा तासावर, ती होती. हणजुण्याच्या, म्हणजे अंजुनाच्या, माडांखाली. सत्तरच्या दशकात तिथे परदेशी हिप्पी आले, आधी रॉक वाजायचं, ऐंशीच्या दशकात त्याची जागा युरोपातून आणलेल्या इलेक्ट्रॉनिक संगीतानं घेतली. कॅलिफोर्नियाहून आलेला आणि गोवा गिल या नावानं ओळखला गेलेला डीजे तिथे सलग चोवीस तासही वाजवायचा. २०२३ साली तो गेला. किनाऱ्याच्या उन्हात आणि धुळीत रेकॉर्डच्या तबकड्या टिकत नाहीत, वाकतात, म्हणून तिथले डीजे आधी कॅसेटवर आणि नंतर डॅट या डिजिटल टेपवर वाजवत. तबकडी हातानं मागेपुढे करून दोन गाणी एकात एक विणता येतात, तसं टेपचं करता येत नाही. त्यामुळे गाणं अख्खं वाजायचं, सुरुवातीपासून शेवटापर्यंत, आणि ती बनवणारे लोक गाण्याला लांब सुरुवात आणि लांब शेवट ठेवू लागले. उन्हानं आणि धुळीनं एका संगीताचा घाट घडवला, ही गोष्ट मला फार आवडते. आमच्याकडे घराचं छप्पर किती उतरतं ठेवायचं ते पाऊस ठरवतो, तसंच हे.

नव्वदच्या दशकात या संगीताचं गोवा ट्रान्स हे नाव युरोपातल्या दुकानांतल्या सीडींवर छापलं गेलं. २००७ साली कांदोळीच्या किनाऱ्यावर सनबर्न हा महोत्सव सुरू झाला. हे चढत गेलेलं आलेखाचं टोक मी तरुणपणी पाहिलं. मैत्रिणींबरोबर एका मोठ्या महोत्सवाला गेले होते. दिव्यांचा खेळ होता, आवाज स्वच्छ होता, माणसं आनंदात होती. पण प्रत्येक डीजेला ठरावीक वेळ नेमून दिलेला. त्यामुळे तो पहिल्या मिनिटापासून शिखरावरच उभा. एक शिखर, दुसरं शिखर, तिसरं शिखर, मधे दरी नाही. मला जत्रेतल्या झोपेची आठवण झाली. इथे कुणाला झोप येण्याइतकी उसंत नव्हती, म्हणून जाग येण्याचं सुखही नव्हतं.

सरकारांनाही या रात्रीचीच धास्ती वाटत आली आहे. ब्रिटनमध्ये उघड्यावरच्या फुकट रेव्ह पार्ट्या वाढल्या तेव्हा १९९४ साली त्यांनी कायदा केला. त्यात रात्रीच्या मेळाव्यांतल्या संगीताची व्याख्या करताना एकामागून एक येणारे, पुन्हा पुन्हा तेच ठोके असलेले आवाज, असं लिहिलं. तेच ठोके पुन्हा पुन्हा! आमचं जाखडी नृत्य घ्या, शिमग्यातला खालूबाजा घ्या. पुनरावृत्ती हाच ज्याचा श्वास, ते सगळं त्या एका ओळीत बसेल. आपल्याकडे २००० सालच्या नियमांनी रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावरचे ध्वनिवर्धक बंद, ठरावीक दिवसांची सूट सोडून. या नियमाच्या मी विरोधात नाही. गेल्या वर्षी आमच्या वाडीत हळदीला दोन टेम्पोभर स्पीकर आले होते. शेजारच्या तात्यांच्या खिडकीची तावदानं वाजत होती, आणि त्यांच्या वयाच्या माणसाला ते सोसण्यासारखं नव्हतं. मोठा आवाज आणि लांब रात्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढंच मला म्हणायचंय. आज आपल्याकडे आवाज वाढत चाललाय आणि रात्र आखडत चाललीये.

वरातीच्या डीजेंना मी कमी लेखते असं मात्र कुणी समजू नये. माझ्या दुकानात ती पोरं येतात. चवथीच्या आधी एक जण आपल्या साउंडचा बॅनर करायला आला आणि फाइल छपाईला लागेपर्यंत त्यानं मला स्वतःचं काम ऐकवलं. गावच्या देवळातलं भजन त्यानं मोबाइलवर रेकॉर्ड केलं होतं आणि त्यातल्या गजराखाली किक ड्रम बसवला होता. आता, गजर ज्यांनी ऐकलाय त्यांना माहीत आहे की तो एका लयीत राहत नाही. बुवा हळूहळू चढवत नेतात. संगीताच्या सॉफ्टवेअरला हे चालत नाही, त्याच्या चौकटी सारख्या अंतरावर आखलेल्या असतात. बाकीचे भजनाचे तुकडे पाडून त्या चौकटीत कोंबतात. या पोरानं उलटं केलं. आवर्तनामागून आवर्तन, हातानं, त्यानं यंत्राची लय वाढवत नेली होती, बुवांच्या श्वासाला धरून. सहा मिनिटांच्या तुकड्यात लय कुठच्या कुठे जाते. मी त्याला विचारलं किती दिवस लागले, तर म्हणाला, "पंधरा रात्री गेल्यो, ताई."

त्याचं कुठेही नाव नाही. शिकागोत, टेक्नोच्या डेट्रॉइटमध्ये त्या वर्षांत जे घडत होतं ते याहून फार वेगळं असेल असं मला वाटत नाही. स्वस्तातलं साधन, गावचा आवाज, आणि रात्री.

यंदा तो परत आला तेव्हा मी आधी त्या गजराची चौकशी केली. त्यानं फोनवर नवीन आवृत्ती लावली. पंधराव्या सेकंदाला ड्रॉप, म्हणजे सगळा ठोका एकदम कोसळण्याची जागा, लय पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच, वर त्याच्या नावाची घोषणा तीनदा. म्हणाला, गिऱ्हाइकांना तेवढंच लागतं, रील तेवढ्याचीच होते. बोलताना त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. त्याला काय सांगणार होते मी? त्याच्या टेम्पोचे हप्ते आहेत.

आणि मी स्वतः तरी काय केलं? माझ्या दुकानातलं छपाईचं यंत्र चालतं तेव्हा त्याचा कॅरेज डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे सरकतो. जाताना एक लांब खर्रर्र, टोकाला टक, परतताना जरा वेगळा खर्रर्र. मोठा बॅनर असला तर हे तासभर चालतं. ते मी रेकॉर्ड केलं आणि त्यावर अकरा मिनिटांचा एक तुकडा रचला. आठ मिनिटं जवळजवळ काहीच घडत नाही. खर्रर्र आणि टक, खालून एक मंद ठोका, मधेच टोकाचा टक किंचित उशिरा पडायला लागतो. नवव्या मिनिटाला बेस येतो. त्या बेससाठी मी पावसाळाभर खपले होते, कारण मला पखवाजाची ती बरगडीतली थाप हवी होती.

किनाऱ्यावरच्या एका रिसॉर्टवाल्यांना तो कुणाकडून तरी कळला. जाहिरातीच्या व्हिडिओसाठी चाळीस सेकंद हवे होते. पैसे बरे देत होते, यंत्राचं एक हेड बदलायला झालं होतं. मी नवव्या मिनिटातले चाळीस सेकंद कापून दिले. लोकांना आवडलं. ओळखीचे लोक फोन करून सांगत होते, छान आहे गो, तुझं ना ते? मी हो म्हणत होते. आणि दर वेळी तो व्हिडिओ लागला की मला ऐकू यायचं की बेसच्या आधी काहीच नाहीये. आठ मिनिटं थांबलेल्या माणसासाठी जो आवाज म्हणजे दार उघडणं होतं, तो इथे नुसता एक जाड आवाज होता. माझंच काम मला ओळखू येईना.

डेट्रॉइटमध्ये अंडरग्राउंड रेझिस्टन्स म्हणून एक चमू आहे. त्यांतले लोक चेहरे झाकून वाजवत, मोठ्या कंपन्यांपासून ठरवून लांब राहत. १९९९ साली त्यांच्याकडची 'जॅग्वार' ही धून जगभरच्या क्लबांत गाजली, तर एका बड्या कंपनीच्या जर्मन शाखेनं परवानगीवाचून तिची हुबेहूब नक्कल करवून घेतली. जगभरच्या चाहत्यांनी त्या कंपनीकडे निषेधाची पत्रं पाठवली. मूळ धून आज ऐकली तरी अंगावर काटा येतो. माझ्याकडून माझा तुकडा कुणी चोरला नव्हता. कात्री माझ्याच हातात होती, म्हणून ते जास्त दुखलं.

गेल्या श्रावणात एका रात्री तात्या आले. हे तेच, तावदानांवाले. तरुणपणी एका दशावतारी कंपनीत पखवाज वाजवायचे. डोक्यावर पेटारा घेऊन गावोगाव चालत गेलेल्या पिढीतले. आता हात कापतो. त्यांच्याकडचा टीव्ही पावसानं बंद पडला होता, सून माहेरी गेली होती, म्हणून पडवीत येऊन बसले. मी काम करत होते. "काय आयकतंस सारख्या कानाक लावन?" त्यांनी विचारलं. मी हेडफोन काढून छोटा स्पीकर जोडला आणि त्यांना 'अ‍ॅसिड ट्रॅक्स' लावून दिलं. मुद्दाम तेच.

"यंत्र बिघडला काय गो?" ते म्हणाले. संपेपर्यंत बसून राहिले, पण लक्ष बाहेर पावसाकडे.

मी चहा केला. परत लावलं. या वेळी काही बोलले नाहीत. खुर्चीच्या हातावर त्यांचं बोट होतं, ते हलत होतं की कापत होतं ते मला ठरवता येईना.

तिसऱ्या वेळी मधेच त्यांनी हात वर केला. "हो सम खंय घेता?" सम म्हणजे तालाची पहिली, वजनाची मात्रा.

"घेणाच नाय, तात्यानू. सगळी समच."

ते थांबले. डोळे मिटले. पत्र्यावर पाऊस वाजत होता आणि खाली तो ठोका चालू होता. एक, एक, एक, एक. "मगे मधली जागा आमका सोडल्यान हा," ते स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले. मी इतकी वर्षं हे संगीत ऐकतेय, कुणी मला ते असं सांगितलं नव्हतं. यंत्र ठोक्यावर ठोका ठेवतं आणि मधली जागा रिकामी ठेवतं, ऐकणाऱ्याच्या अंगासाठी.

मी चौथ्यांदा लावलं. अर्ध्यावर आलं असेल नसेल, तात्या खुर्चीवरून उठले. दाराशी गेले, छत्री उचलली. मला वाटलं कंटाळले, घरी निघाले. उंबऱ्यावर वळून म्हणाले, "ता बंद करू नको. मी पखवाज घेवन येतंय. घरात गव्हाचा पीठ आसा?"

साडेअकरा वाजले होते. मी स्वयंपाकघरात गेले, पिठाचा डबा काढला, आणि एका वाटीत थोडं थोडं पाणी घालत कणीक भिजवायला घेतली. पुरीच्या कणकेपेक्षा जरा सैल.